विहिरीतली राजदूत

केज
२१ मे २०२३

आदरणीय आत्यास,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळावी अशी माझी इच्छा नाही. म्हणून पत्र लिहितोय. बाबांची राजदूत फटफटी सापडली.

गावाकडं आपल्या वस्तीतल्या विहिरीचा गाळ काढायचं काम चालू आहे. यंदा पाणी पार तळाला गेलंय. शाळेला सुट्ट्या म्हणून मी बघायला गेलतो. क्रेनच्या पाटीला काहीतरी अडकलं. आधी वाटलं, कुणाचा तरी जुना पंप असेल. वर आलं तर हँडल. मग टाकी, मग सगळा सांगाडाच. चाकांत चिखल गच्च बसलेला. बंकटकाका कडेला उभे होते. ते एवढंच म्हणाले, "भारतची हाय."

घरी येऊन आईच्या पेटीतलं आरसी बुक काढलं, इंजिनाचा नंबर घासून बघितला. तीच.

गाडी गेली तेव्हा मी तिसरीत होतो. गावचे मालक म्हणवणाऱ्या आप्पांच्या घरावरून जाताना आपल्या माणसानं गाडीवरून उतरायचं, ढकलत पुढं जायचं, असा गावचा शिरस्ता होता. बाबा हिवताप खात्यात, गावोगाव रक्ताचे नमुने घेत फिरायचे. पहिले काही महिने उतरले. एक दिवस उतरले नाहीत. त्यानंतर चार दिवसांत आप्पांच्या मुलानं, विजयसिंहनं, त्यांना गोठ्यात नेऊन पाय मोडला आणि गाडी गायब झाली. बाबांनी मरेपर्यंत त्यावर तोंड उघडलं नाही. गाडी विजयसिंहनंच नेली, असं आपण सगळे धरून चाललो. आता कळलं, नेली नाही, आपल्याच विहिरीत ढकलून दिली.

मी सांगाडा टेम्पोत घालून केजला आणलाय. अंगणात पत्र्याखाली ठेवलाय. दुरुस्त करावी असं वाटतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण शिकेन म्हणतो. तुमचं काय मत?

आई बरी आहे. तिनं अजून गाडीला हात लावलेला नाही. लांबून बघते आणि आत जाते.

तुमचा,
प्रवीण


नांदेड
२ जून २०२३

प्रवीण,
जय भीम.

शेजारच्या मुलीच्या मोबाईलवर तू पाठवलेला फोटो बघितला. तिला म्हणलं मोठा कर. टाकीचा तो पोचा दिसला. तो मी पाडलेला आहे. भारतनं मला शिकवायला बसवलं होतं आणि मी सरळ बाभळीत घातली होती.

तू लिहितोस, 'दुरुस्त करावी असं वाटतं.' वाटतं कशाला, कर. पण हौस म्हणून करणार असशील, चार मित्रांना दाखवून फोटो काढणार असशील, तर आजच भंगारात घाल.

तुझ्या बापाचा पाय मी बघितलाय. तेव्हा मी अंबाजोगाईला नोकरीला होते. त्याला बैलगाडीत घालून आणला होता. नडगीचं हाड बाहेर आलेलं. ड्रेसिंग मीच केलं. ठाण्यात फिर्याद द्यायला गेले तर म्हणाले, बैलगाडीवरून पडला असं लिहा, लगेच लिहून घेतो. मी तशीच परत आले. त्यानंतर अठरा वर्षं तो लंगडत चालला, आणि विजयसिंह त्याच रस्त्यानं पांढऱ्या गाड्या पळवत राहिला. जिल्हा परिषदेचा सदस्य झाला. हार घालून घेतले.

लोक मला म्हणतात, सिस्टर, आता वय झालं, सोडा. मी कुणाला सोडायला बसलेली नाही. आणि मला विजयसिंह मेलेला पण नको. त्याला दीर्घ आयुष्य मिळो. डोळे शाबूत राहोत. कारण त्याला हे बघायचंय.

गाडी तयार कर. भर दिवसा त्याच्या फाटकावरून ने. उतरायचं नाही. आणि हळू चालव. भारत घाईत होता, म्हणून जोरात गेला असेल. तू हळू जा.

रंग काळाच ठेव.

पंचशीला


केज
२३ जुलै २०२३

आदरणीय आत्या,
जय भीम.

पत्राला उशीर झाला. हातांची सालं निघालीत, पेन धरवत नाही.

मी पोरांना मराठी शिकवणारा माणूस. मला वाटलं होतं मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि तसं करायचं. व्हिडिओत नट हातानं फिरतो. इथं पान्हा वाकला पण नट हलला नाही. डिझेल ओतून ठेवलं, हातोडीनं ठोकलं, मग जोर केला तर बोल्ट अर्धा आत राहून तुटला. तो काढायला लेथवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "सर, यापेक्षा नवी घ्या." मी म्हणालो, नवी नको.

टाकीत मूठ मूठ खडी भरली, दोरीनं बांधली आणि अंगणात गडागडा लोळवली, म्हणजे आतला गंज निघतो. निघाला. टाकीला तळाशी भोकं होती, तीही दिसली. पितळी झाळ मारून बुजवली. एका रिमला स्पोक बसवले आणि चाक फिरवून बघितलं तर ते अंड्यासारखं फिरतंय. परत सगळे काढले. कार्बोरेटर आणि सायलेन्सर जागेवर नाहीत. ढकलायच्या आधी ह्या लोकांनी तेवढं काढून विकलं असणार. नट ठेवायला मी पीठ मळायची परात घेतली म्हणून तुमच्या सुनेनं, आम्रपालीनं, दोन दिवस अबोला धरला होता. आता तिनंच दुसरी परात आणून दिलीय. रात्रीच्या भाकरी झाल्या की येऊन बसते, सीटच्या स्प्रिंगा घासते.

एक गोष्ट लिहायची राहिली. मागच्या आठवड्यात नांदूरघाटच्या बाजारात टायर-ट्यूबचं विचारायला गेलतो. हॉटेलात विजयसिंह बसलेले होते, भोवती पाच-सहा जण. त्यांनी मला बघितलं. मी कोण हे त्यांना माहीत आहे, गाडीचंही कळलेलं आहे. त्यातल्या एकानं मुद्दाम विचारलं, "मालक, ती इहिरीतली फटफटी कुणाची वो?"

विजयसिंह हसले. म्हणाले, "त्या वक्ताला आमी लई गरम होतो. दिली ढकलून." आणि बशीत चहा ओतून निवांत पिऊ लागले.

आत्या, मी गाडीची ट्यूब घेतली आणि आलो. पण त्या दिवसापासून थकवा म्हणून येत नाही.

प्रवीण


नांदेड
३० जुलै २०२३

प्रवीण,

त्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलंस ते बरं केलंस. मी ते रोज एकदा वाचते.

चाक सरळ होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

पंचशीला


केज
१७ सप्टेंबर २०२३

आदरणीय आत्या,
जय भीम.

चाकं सरळ झाली. पण हे पत्र त्यासाठी नाही. शांतपणे वाचा.

चार दिवसांपूर्वी इंजिन उघडलं. इतके दिवस भीतीनं हात लावला नव्हता. वरचा चिखल, शेवाळ खरवडलं, तर जिथं कार्बोरेटर बसतो ते तोंड बंद. मला वाटलं गाळ. टोकरून बघितलं तर कापड. बँडेजची पट्टी, घट्ट वळून आत ठासलेली, ग्रीसमध्ये बुडवलेली, वरून रुंद चिकटपट्टी आणि त्यावर तारेचे वेढे. जिथं सायलेन्सर बसतो ते तोंडही तसंच. प्लग काढून आत काडी घातली तर काडीला तेल आलं. इंजिन गळ्यापर्यंत तेलानं भरून ठेवलेलं होतं. थोडं पाणी शिरलंय, बेअरिंग गेलेत, पण पिस्टन दोन दिवस डिझेलमध्ये भिजवल्यावर हलला. आत्या, तीस वर्षांनी हलला.

रागाच्या भरात गाडी ढकलणारा माणूस असं करत नाही.

मी तो बोळा घेऊन आईकडं गेलो. ती तांदूळ निवडत होती. तिनं तो हातात घेतला, तारेचे वेढे बघितले आणि म्हणाली, "हे त्यांच्या हातचं हाय."

मी म्हणालो, "आई, त्या टायमाला नेमकं काय झालं ते सांग. सगळं."

ती म्हणाली, "आप्पाचा निरोप आला हुता. गाडी दारात आणून लाव, उद्यापासून विजयसिंह चालवील. हे म्हणाले, लावतो. सांच्याला गाडी घिऊन गेले. आले ते चालत. कपडे वले. म्या इचारलं, तर म्हणाले नदीत हातपाय धुतले. मला वाटलं, दिऊन आले बिचारे. म्हून म्या परत इचारलं न्हाई. कशाला जखमंवर बोट ठिवायचं."

मी म्हणालो, "मग मारलं कावून? गाडी दिली व्हती तर?"

"उतरले न्हाईत म्हून मारलं, आसंच समजले म्या."

मग ती उठली आणि पेटीतून एक डबा काढून आणला. "हे सांभाळून ठिव म्हणले व्हते. काय हाय ते मला म्हाईत न्हाई." उघडला तर कार्बोरेटर. तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला.

म्हणजे बाबांनीच गाडी विहिरीत ठेवली. आप्पांना मिळू नये म्हणून. आणि पुढं कधीतरी काढायची म्हणून. बरोबर आहे ना? तुम्हाला काही ठाऊक आहे का?

प्रवीण


नांदेड
२५ सप्टेंबर २०२३

प्रवीण,
जय भीम.

बरोबर आहे.

ती रुंद चिकटपट्टी मी दिलेली. त्या आठवड्यात भारत दवाखान्यात आला होता. म्हणाला, ताई, मोठी जखम बांधायची असली तर किती पट्टी लागंल? मी म्हणलं कुणाला लागलंय? म्हणाला, कुणाला न्हाई, जवळ असावी. मी माझ्या पैशानं आणून दिली.

आणि दुसरं सांगते. पाय मोडल्यावर त्याला ताप चढला. तापात तो एकच बडबडत होता, "मला ठावं न्हाई. मला ठावं न्हाई." मी विचारलं, काय ठावं नाही? तर म्हणाला, "ते इचारत्यात, गाडी कुठं हाय. काठी मारत्यात आन इचारत्यात." मी ते भ्रमात बोलतोय म्हणून सोडून दिलं. ज्यांनी गाडी नेली ते कशाला विचारतील, असं मला वाटलं. इतकी वर्षं मी तो शब्द नीट ऐकला नाही, आणि तेव्हा तर माझे कान चांगले होते.

म्हणजे त्याला उतरला नाही म्हणून मारलं नाही. गाडी कुठं आहे ते सांगितलं नाही म्हणून मारलं. एक शब्द बोलला असता तर पाय वाचला असता. तो बोलला नाही. नंतर काढली असती तर त्यांनी नेली असती, म्हणून काढली पण नाही.

तू हॉटेलातलं लिहिलं होतंस. 'दिली ढकलून.' आता मला कळलं तो कशाला तसं बोलतो. हातात काठी होती, माणसं होती, बाप गावाचा मालक होता, आणि एका हिवताप कर्मचाऱ्याच्या तोंडून एक शब्द काढता आला नाही. हे गावाला कळण्यापेक्षा गाडी आपणच बुडवली म्हणणं त्याला सोयीचं.

मला आधी वाटत होतं, फाटकावरून गाडी नेली की झालं. आता तेवढ्यावर भागणार नाही.

पंचशीला


केज
१० डिसेंबर २०२३

आदरणीय आत्या,
जय भीम.

गाडी चालू झाली.

पहिल्या दिवशी किक उलटी आली आणि पोटरीवर असा दणका बसला की मी खालीच बसलो. टायमिंग चुकलं होतं. दुसऱ्यांदा धूर झाला आणि बंद. तिसऱ्यांदा प्लग बदलला, बाबांचा कार्बोरेटर परत धुतला, आणि बुरबुरली. आवाज ऐकून आई बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून दारातच उभी राहिली. मी तिला बसवून चौकापर्यंत नेऊन आणलं. काळा रंग दिलाय. पोचा तसाच ठेवलाय.

आता दुसरी गोष्ट. विजयसिंहांची मुलगी राजनंदिनी घरी आली होती. ती पुढच्या निवडणुकीला उभी राहणार म्हणतात. बोलायला नम्र आहे. म्हणाली, "सर, जानेवारीत आबांची एकसष्टी आहे. झालं गेलं विसरून गावात सलोखा व्हावा असं आबांना वाटतं. तुम्ही ती गाडी घेऊन या. आबा तुमचा सत्कार करतील, सगळ्यांसमोर माफी मागतील. आणि त्यांची एक इच्छा आहे, गाडीवर बसून एक फोटो."

मी हो म्हणालो.

तुम्हाला राग येईल हे मला माहीत आहे. जास्त लिहीत नाही.

प्रवीण


नांदेड
१६ डिसेंबर २०२३

प्रवीण,

आप्पाचा निरोप होता, गाडी दारात आणून लाव, विजयसिंह चालवील. त्या निरोपाला भारतनं पाय दिला, पण गाडी दिली नाही. तू धुऊन, रंगवून, हार घालून दारात नेऊन लावणार आहेस.

शाल मिळेल. फोटो पेपरात येईल. माझ्याकडं पाठवू नकोस.

यापुढं मला पत्र लिहायची गरज नाही.

पंचशीला


केज
२९ जानेवारी २०२४

आदरणीय आत्या,
जय भीम.

तुम्ही लिहू नका म्हणालात तरी लिहितोय. हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मग फाडायचं तर फाडा.

काल कार्यक्रम झाला. मोठा मांडव, पंचक्रोशीतली माणसं, जेवणावळी. आपल्या वस्तीतलेही बरेच होते, एका बाजूला. गाडी स्टेजजवळ लावायला सांगितली. लावली. चावी माझ्या खिशात. आई आणि आम्रपाली पुढच्या रांगेत, राजनंदिनीनं स्वतः नेऊन बसवलं.

विजयसिंह बोलायला उठले. आवाज अजून चांगला आहे. म्हणाले, "त्या काळी आमचंबी रक्त तापट व्हतं. आमच्या पोरांनी रागाच्या भरात भारतरावांची गाडी इहिरीत ढकलली. घरचा मोठा म्हून मी आज त्यांच्या मुलाची जाहीर माफी मागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. मला शाल घातली. मग ते स्टेजवरून उतरले, फोटोवाल्याला बोलावलं आणि गाडीच्या सीटवर हात ठेवला.

मी म्हणालो, "आबासाहेब, आधी दोन शब्द बोलू का?"

"बोला की सर, बोला."

माईक घेतला. मग आईकडं बघितलं आणि बोललो. म्हणालो, "आबासाहेबांनी माफी मागितली. पण जे त्यांनी केलंच न्हाई, त्याची माफी मी कशी घेऊ?"

मी खिशातून ते बँडेजचे बोळे काढले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले. तार, पट्टी, तेल, कार्बोरेटर, सगळं सांगितलं. आप्पांचा निरोप सांगितला. म्हणालो, "ही गाडी माझ्या बापानं विहिरीत ठेवली. ह्यांना मिळू नये म्हणून. ह्यांनी ती लई शोधली. सापडली न्हाई. मग माझ्या बापाला गोठ्यात नेलं आन काठीनं विचारलं, गाडी कुठं हाय. पाय मोडला तरी त्यानं सांगितलं न्हाई. गाडी ढकलली ही ह्यांची बढाई हाय. ह्यांना ती कधी गावलीच न्हाई. माफी मागायची तर त्या पायाची मागा."

विजयसिंहांचा हात अजून सीटवर होता. चेहरा राखेसारखा. एक-दोघं माझ्याकडं धावून आले, "माईक बंद कर बे" म्हणत. पण राजनंदिनी मध्ये उभी राहिली. तिनं बापाला विचारलं, हळूच, पण माईक जवळ असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं, "आबा, खरंय का?"

त्यांनी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. एक शब्द. तो त्यांच्या तोंडून निघाला नाही. ते नुसते तिच्याकडं बघत राहिले, आणि मांडवातल्या प्रत्येकानं ते बघितलं.

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली. गाडीपाशी गेलो आणि म्हणालो, "हात काढा. तवा मिळाली न्हाई, आजबी न्हाई मिळायची." त्यांनी हात काढला. किक मारली, लागली नाही. परत मारली, लागली नाही. मागं कुणीतरी हसलं. मग लागली, आणि पुढारी बसले होते त्या सोफ्यांवर असा धूर गेला की बायका पदर नाकाला लावून उठल्या. आईला मागं बसवलं. आम्रपाली बाकीच्यांबरोबर चालत आली. फाटकावरून मी गाडी नेली. उतरलो नाही. तुम्ही सांगितलं होतं तसं हळू.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही आला असता, आणि तुम्ही समोर असता तर मला रडू आलं असतं. मला रडायचं नव्हतं.

मन हलकं होतं, शांत होतं असं लोक म्हणतात. माझं तसं काही झालेलं नाही. मला फक्त आनंद झालाय. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून होतो.

प्रवीण


केज
१३ फेब्रुवारी २०२४

आदरणीय आत्या,
जय भीम.

तुमचं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितोय, कारण काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्याविरुद्ध तक्रार अर्ज गेलाय, शिक्षक असून राजकीय मंचावर बोललो म्हणून. बदली झाली तर शिरूर कासारकडं करतील असं ऐकतो. झाली तर होऊ दे. राजदूतवर जाईन.

पण मुख्य गोष्ट ती नाही. काल दुपारी विजयसिंह घरी आले. एकटे. ड्रायव्हरला गाडीतच बसवलं. मला वाटलं भांडायला आलेत. तर ते अंगणातल्या बाजेवर बसले. राजदूत समोरच होती, तिच्याकडं त्यांनी बघितलं नाही. दाढी वाढलेली. आई दारात उभी होती. चहा कुणी विचारला नाही.

थोड्या वेळानं म्हणाले, "सर, एकच इचारायला आलोय. एवढी जड गाडी एकट्या माणसाला इहिरीत सोडता येत न्हाई. वरून टाकली आसती तर आवाज झाला आसता, गाडीचा चुरा झाला आसता. दोर लावून, सावकाश सोडलीय ती. म्हंजी दुसरा माणूस व्हता. दोर, बैल, काईतरी व्हतं. तसले दांडगे बैल तवा आमच्याच वाड्यावस्तीला व्हते. आमच्यातला कोण व्हता त्येच्यासंगं? तेवढं नाव सांगा."

मी म्हणालो, "नाव कळून काय करणार?"

"आमच्याच ताटात जेवला आन आमच्याशीच बेइमान झाला. अजून जित्ता आसंल तर मला बघायचाय. मला झोप न्हाई सर. गड्याकडं बघतो, चुलतभावाकडं बघतो, प्रत्येकाकडं बघून वाटतं, ह्योच आसंल."

आत्या, मला कुठलंच नाव माहीत नाही. पण मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, "माहीत आहे. सांगणार न्हाई."

मग ते आईकडं वळले. "पारूबाई, तुमी सांगा. तुमाला म्हाईत आसंल."

आईनं जन्मात त्या माणसाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. काल दिला. म्हणाली, "म्हाईत हाय. पर सांगायची न्हाई."

ते उठले. उठताना त्यांना बाजेचा आधार घ्यावा लागला. गेले.

त्यांची गाडी गेल्यावर मी आईला विचारलं, खरंच माहीत आहे का? ती पदर तोंडावर घेऊन हसायला लागली. मी तिला असं हसताना कधी बघितलेलं नाही. म्हणाली, "आत्याला इचार."

म्हणून विचारतोय. बाबांबरोबर कोण होतं?

प्रवीण


नांदेड
२१ फेब्रुवारी २०२४

चि. प्रवीण,
जय भीम.

दोन्ही पत्रं मिळाली. डिसेंबरात मी जे लिहिलं ते मागं घेते. तुझ्यावर संशय घेतला, पण ते लिहिताना मी मनापासून चिडलेली होते आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. तू भारतचा मुलगा आहेस का, हे मला बघायचंच होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. भारतबरोबर कोणीच नव्हतं.

आपल्या विहिरीला पायऱ्या होत्या. चांगल्या रुंद, दगडी. मी आणि पारू डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढायचो. भारतनं गाडी ब्रेक धरून एक-एक पायरी उतरवली असेल, पाण्यात शेवटच्या पायरीपर्यंत गेला असेल आणि तिथून खोलात सोडली असेल. म्हणून कपडे ओले. तो गेल्यावर... म्हणजे त्याची बदली होऊन तुम्ही गाव सोडल्यावर त्या पायऱ्या ढासळल्या, मग वस्तीनं त्यावर भर टाकून गोल सिमेंटचं कडं बांधलं. तू लहान होतास, तुला ते कडंच आठवत असणार. पायऱ्या आमच्या पिढीला ठाऊक.

विजयसिंहला त्या कशा ठाऊक असणार? तो किंवा त्याचा बाप आयुष्यात कधी आपल्या विहिरीपाशी आला नाही. आपल्या विहिरीत डोकावणं म्हणजे त्यांना विटाळ. त्यांनी नदी शोधली असेल, गंजी उलथल्या असतील, उसात माणसं घातली असतील, तेही गुपचूप. आपल्या विहिरीत बघायचं त्यांच्या मनात सुद्धा आलं नाही. आणि भारतला हे पक्कं माहीत होतं. सगळ्या गावात तीच एक जागा होती जिथं त्यांचा हात पोचणार नव्हता.

तेव्हा दुसरा माणूस नव्हताच. पण हे त्याला कळता कामा नये. वस्तीत ज्या कुणाला पायऱ्या आठवत असतील, त्यांना सांगून ठेव. बंकटला मी वेगळं पत्र लिहिते. विजयसिंह परत आला तर बसायला खुर्ची दे. पाणी दे. नाव विचारलं तर तू म्हणालास तेच म्हण. माहीत आहे, सांगणार नाही.

त्याला गड्यांकडं बघू दे. चुलतभावांकडं बघू दे. ज्यांच्या जिवावर त्यानं माझ्या भावाला गोठ्यात नेलं, त्यातल्या एकेकाचं तोंड त्यानं निरखत बसू दे. मी बहात्तर वर्षांची आहे आणि माझी तब्येत चांगली आहे. मला घाई नाही.

पंचशीला